चौहात्या मरत न्हाई

मी शाळंत गेलो न्हाई आसं म्हणलं तर ते बी खरं न्हाई. रोज जायचो. मेंढरं घिऊन शाळंच्या अंगणातनं जायचो आन पल्याडच्या माळाला लागायचो. मास्तर आतनं खडू फेकून मारायचं. माझ्या अंगाला शिक्षण लागलं ते तेवढंच. आता हे मी बोलतुया आन सून लिवून घेतीया. मी बोलतुया तेच ती लिवतीया का, ते मला तपासता येत न्हाई. मी एकदा लोकांचं जे केलं तेच तिनं माझं केलं, तर मला बोलायला तोंड न्हाई. काय केलं, ते सांगतो.

आमी आटपाडीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं खपली, तवा मी आन बायकू कराडकडं गुऱ्हाळाच्या कामाला आलो. मलकापुरापासनं कोसभर आत एका बागायतदाराचं गुऱ्हाळ हुतं. दिवाळी झाली की सुरू, शिमगा आला की बंद. बायकू फडातनं ऊस वाहायची आन मी चुलवाणाच्या तोंडाशी. वर काहिलीत रस उकळायचा, खाली मी पिळल्याल्या उसाची वाळली चिपाडं आत सारत बसायचो. पंधरा दिसांत भिवया जळून गेल्या, मिशी एका अंगाची ऱ्हायली. बायकू म्हणायची, "बघायला आलासा तवा आसं दिसला आसता, तर माझ्या बानं पाणी पाजून परत लावलं आसतं."

पहिल्याच साली कराडच्या बाजारात मी रद्दीवाल्याकडनं एक पुस्तक घेतलं. वाचायला न्हाई. तंबाखूच्या पुड्या बांधायला. कागद जाड हुता आन म्होरल्या अंगाला पुठ्ठा हुता, मागचा पुठ्ठा गेल्याला. म्हणून मी मागनं एकेक पान फाडायला लागलो. हे ध्यानात ठेवा, मी मागनं फाडत हुतो. आठ-पंधरा दिसांनी बघतो तर आत चित्रं. एक टकला दाढीवाला म्हातारा. एक आखूड केसांची बाई, आन तिच्या म्होरं फळीवर गोल गोल कायतरी मांडल्यालं. मुळ्यासारखं एक लांबडं इमान. डोक्याला काचंची घागर घातल्याली माणसं. आन चार हातांचा एक गडी. सगळ्यात शेवटच्या चित्रात त्यो गडी आडवा पडल्याला, डोळं मिटून. चित्रं बघितल्यावर मी फाडायचं थांबलो. येवढी अक्कल हुती.

चित्रं बघत बसल्यालं गुळव्यानं बघितलं. गुळव्या म्हंजी गुऱ्हाळाचा राजा. पाक कवा उतरायचा ते त्यो ठरवणार, चार मिंटं इकडं-तिकडं झाली की गुळाचं वाटोळं. शिराळ्याकडचा म्हातारा गडी, बोलणं लय कमी. त्यो म्हणला, "तुला वाचाय येतंय व्हय रं?"

आता हितं न्हाई म्हणायला माझं काय जात हुतं? गुऱ्हाळावर कुणालाच येत नव्हतं, कुणी हसलं नसतं. पर आमच्या गावचं हितं कुणी नव्हतं. खोटं बोलायला येवढं मोकळं रान मला जन्मात गावलं नव्हतं. मी म्हणलो, "चौथी झालीया."

"मग वाच की मोठ्यानं. आधण उतरायला अजून दोन घंटं हायेत."

आधण म्हंजी एका काहिलीचा रस शिजून गूळ हुईस्तोवरचा येळ. तीन घंटं धरा. मी पुस्तक मांडीवर घेतलं, पहिलं चित्र काढलं, आन सुरू केलं. टकल्या म्हाताऱ्यानं एक इमान बांधलं आन मंगळावर निघाला. लय चिकट म्हातारा. बायकूला संगं घेतलं, ती भाकरी थापायला. फळीवरचं गोल गोल म्हंजी भाकरीच, दुसरं काय आसणार? आन इमानाच्या चुलवाणात चिपाडं घालायला ठेवला चार हातांचा गडी. त्येचं नाव मी ठेवलं चौहात्या. दोन हातांनी चिपाडं सारायचा, तिसऱ्यानं तंबाखू मळायचा, चवथ्यानं पाठ खाजवायचा. म्हातारा अर्धी भाकरी द्यायचा आन चौहात्या इमान मधीच थांबवायचा. म्हणायचा, अर्ध्या भाकरीत अर्ध्या वाटंपत्तुर येतो. तुमाला कळलंच आसंल, चौहात्या म्हंजी मीच. दोन हात जास्ती, आन उलट बोलायची हिंमत जास्ती.

गुळव्या हसला. त्येला हसताना कुणी बघितलं नव्हतं. ढेपा बांधणारं, घाण्यात ऊस घालणारं, सगळी जवळ आली. दुसऱ्या दिशी गुळव्यानं मालकाला सांगून चुलवाणावर दुसरा गडी लावला आन मला वरच्या कट्ट्यावर बसवलं. काम काय, तर पुस्तक वाचायचं आन मधनं मधनं काहिलीवरची मळी, म्हंजी उकळीचा फेस, काढायची. आन नाव पडलं मास्तर.

ह्या नावाचं तुमाला काय सांगू. जन्मात मला नावानं बी कुणी धड हाक मारली नव्हती. ए मेंढक्या, ए धनगरा, ए आटपाडी. आन हितं मास्तर. मालकीणबाई चा पाठवायची तर मास्तरांला कप निराळा. मलकापूरच्या फाट्यावर यष्टीचा कंडक्टर म्हणायचा, "मास्तर, म्होरं सरका." म्होरं सरकताना माझी छाती दोन बोटं फुगायची. बायकूला तेवढं खरं ठावं. ती म्हणायची, "आवं, परवा भाकरी इमानात करपली म्हणलासा, ती आपल्या घरची हुती." मी म्हणायचो, "गप ऱ्हा, चा दोघांला येतोय न्हवं?"

दोन हंगाम आसं चाललं. पुस्तक फडक्यात गुंडाळून मी आड्याला टांगून ठेवायचो, देवाच्या पोथीगत. लोकांला गोष्ट पाठ झाली. माझं चुकलं तर मलाच सांगायची. "मास्तर, मागल्या साली त्येनं म्हाताऱ्याला डाव्या हातानं ढकललं हुतं." मी म्हणायचो, "त्येला डावं हात दोन हायेत. त्यो एक आन ह्यो दुसरा." आन सुटायचो.

तिसऱ्या हंगामाला मालकाचा धाकटा भाऊ सुटीवर आला. मिल्ट्रीत हुता. दोन म्हैनं सुटी. दाढी रोज घोटल्याली, हाताला घड्याळ, पाण्याचा पेला बी स्वताचा, पत्र्याचा. आमी त्येला धाकलं मालक म्हणायचो. पहिल्या दिशी येऊन माझ्या शेजारीच बसला. मी रंगात यिऊन वाचलं. त्यो मान खाली घालून ऐकत हुता. मला वाटलं, गुंग झाला. आधण उतरल्यावर म्हणला, "मास्तर, तुमचा घसा बसलाय. उद्या मी वाचू का?"

मी म्हणलो, "वाचा की." मनात म्हणलो, वाच वाच. बंदूक चालवणं येगळं आन चौहात्या चालवणं येगळं.

दुसऱ्या दिशी त्येनं पहिलं पान काढलं आन वाचायला लागला. बोट न्हाई लावलं, थांबला न्हाई, खोकला न्हाई. आवाज आसा की खाली चुलवाणापत्तुर स्वच्छ जावा. त्या आवाजानंच माझ्या पोटात चिपाडं पेटली. मी वाचायचो तवा दर दोन वाक्याला "आन मग" म्हणायचो, म्होरलं सुचायला तेवढीच सवड. ह्येला आन मग लागतच नव्हतं. म्होरलं आपसूक तयार हुतं, छापल्यालं.

आन काय छापल्यालं हुतं. टकला म्हातारा चिकट नव्हता. त्यो मोठा शास्त्रज्ञ हुता, कुणाशी बोलायचा न्हाई, घरी मरत पडल्याल्या लेकीची आठवण काढायचा. बाई त्येची बायकू नव्हती. बाई इमान चालवत हुती. ते गोल गोल भाकरी नव्हत्या, इमानाची घड्याळं हुती. आन इमानाला इमान म्हणत नव्हतं, अवकाशयान म्हणत हुतं.

पहिल्यांदा गुळव्यानं तोंड उघडलं. "धाकलं मालक, इमान म्हणा की. त्ये काय म्हणताय त्येला चाकं हायेत का काय कळंना."

"पुस्तकात अवकाशयान लिवलंय."

"मास्तर इमान म्हणायचं."

"मास्तरांनी सोपं करून सांगितलं आसंल," धाकलं मालक म्हणला आन माझ्याकडं बघितलं. मी मळी काढत हुतो. नव्हती मळी तरी काढत हुतो.

मग तक्रारींला सुरुवात झाली. घाण्यावरचा गडी म्हणला, म्हातारा आसा रडका कवापासनं झाला? आमचा म्हातारा भाकरी मोजून द्यायचा, त्यो बरा हुता. ढेपा बांधणारा म्हणला, बाईनं इमान चालवल्यावर चौहात्यानं काय करायचं? चौहात्या अजून आलाच न्हाई, तीन दिस झालं. गुळव्या म्हणला, "चौहात्याशिवाय इमान उडलंच कसं? चुलवाणाला कोण हुतं?" धाकलं मालक म्हणला, यानाला चुलवाण नसतंय, आपोआप जळतंय. तवा सगळी आशी हसली जशी त्येनं बैलाशिवाय गाडी चालती म्हणून सांगितलं.

मला काय वाटलं सांगू? पहिलं दोन दिस गार वाटलं. मी गुळव्याच्या कानाला लागून म्हणायचो, "मिल्ट्रीतली माणसं घाईत वाचत्यात. मधलं मधलं ऱ्हातंय त्यांचं." गुळव्या मान हलवायचा. पर तिसऱ्या-चवथ्या दिशी माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. लोकं शिव्या देत हुती, पर आधण लागायच्या आधीच यिऊन बसत हुती. माझ्या येळंला दोघंचौघं तर झोपायची. आता कुणी झोपत नव्हतं. रागानं झोप येत नव्हती त्यांला. वाटंनं जाताना बी भांडत जायची, म्हातारा आसा न्हाई, म्हातारा तसा हुता. वाड्यातल्या बाया भिंतीच्या आडोशाला सूप घिऊन बसायच्या आन एक बी दाणा निवडायच्या न्हाईत. त्यांच्यात माझी बायकू बी.

माझ्यावर दोन वर्सांत कुणी चिडलं नव्हतं. मला हसली, माझं ऐकलं, पर चिडलं कुणी न्हाई. आन ह्यो कालचा आल्याला गडी, त्येच्यावर गुळव्या येवढा चिडायचा की त्येच्या हातातलं फावडं थरथरायचं. मला त्या चिडण्याचा आसा मत्सर वाटला की जेवण ग्वाड लागंना. आन बायकू काय करावी? एक दिस घरी येता येता म्हणली, "ती बाई चांगली हाय."

"कुठली बाई?"

"इमानवाली. एकटी बसती आन येवढं सगळं चालवती. तुमी तिला दोन वर्सं भाकरी थापायला लावलंसा."

"मग काय करायला लावायची हुती?"

"मला काय ठावं. पर इमान हातात हुतं की तिच्या. चित्रात दिसतंय."

दुसऱ्या दिशी बघतो तर बायकू धाकल्या मालकाला पाणी देत हुती, त्येच्या त्या पत्र्याच्या पेल्यात, पदरानं पुसून. मला तांब्या. त्यो बी रिकामा.

मालकानं मला परत चुलवाणाच्या तोंडाशी घातलं. एकाच येळंला वर दोन मास्तर पोसायला त्येचं काय अडलं हुतं? खाली बसून मला निम्मं ऐकू यायचं, निम्मं चिपाडाच्या आवाजात जायचं. पर खरं सांगायचं तर मी बी कान टवकारून बसायचो. त्या बाईच्या घड्याळातला एक काटा बंद पडला तवा माझ्या हातातलं चिपाड हातातच ऱ्हायलं. वरनं गुळव्या ओरडला, "मास्तर, जाळ." मास्तर म्हणला अजून, तेवढंच.

मग एक दिस चौहात्या आला. वर सगळी सावरून बसली. मी बी कट्ट्याच्या कडंला आलो. पर ह्यो चौहात्या आमचा नव्हता. मंगळावरचा कुणी शत्रू, अंधारातनं आला, इमानाचा दरवाजा तोडायला लागला. त्या शास्त्रज्ञानं कसलासा दिवा त्येच्या डोळ्यांवर मारला. "आणि तो चार हातांचा जीव निश्चल झाला," धाकलं मालक वाचत हुता, "पुन्हा हलला नाही."

मग गुळव्या म्हणला, "म्हंजी?"

"म्हंजी मेला."

"कोण मेला?"

"त्यो चार हातवाला."

गुळव्या उठला. फावडं टाकलं. "मालक, तुमी पान चुकलासा. मास्तरांच्या वाचण्यात चौहात्या मरत न्हाई. झोपतोय. मी स्वता चित्र बघितलंय, झोपल्यालं."

"आवं, हितं छापलंय. बघा की."

"मी काय बघू? मास्तरांला बोलवा."

सगळी माझ्याकडं वळली. मी वळलो काहिलीकडं. आन तवा मला वास आला. वास सगळ्यांला आला. पाक करपला हुता. गुळव्याच्या हयातीत त्येचा पाक करपला नव्हता. गूळ निघाला तो डांबरासारखा काळा.

मालक आला, काळा गूळ बघितला, आन म्हणला, उद्यापासनं वाचणं बंद. गुळव्या म्हणला, मग उद्यापासनं गुळव्या बी बंद. हंगामात गुळव्या मिळंल काय? मालक डोकं खाजवत म्हणला, "मग एकानंच वाचा. कोण ते तुमी ठरवा. मला गूळ पिवळा पायजे."

ठरलं आसं की दुसऱ्या दिशी दोन आधणांच्या मधी दोघांनी तेच पान वाचायचं. म्हंजी कळंल की कोण सोडतंय आन कोण घालतंय. मी घरी गेलो तर बायकू भाकरी थापत हुती. म्हणली, "सांगून टाका येत न्हाई म्हणून. मेंढरं राखलीसा, त्यात काय चोरी केली?" मी म्हणलो, "मग उद्यापासनं मला काय म्हणतील?" ती म्हणली, "आटपाडी." आन तव्यावरची भाकरी उलटली. त्या एका शब्दानं माझं ठरलं.

दुसऱ्या दिशी धाकल्या मालकानं पान वाचलं. तेच ते. निश्चल झाला, हलला न्हाई. मग पुस्तक माझ्या मांडीवर. शेवटचं चित्र, आन त्येच्या खाली अक्षरं. धाकलं मालक माझ्या खांद्यामागं हुभा ऱ्हायला. त्येचा श्वास माझ्या कानाला लागत हुता. मी बोट ठेवलं आन सुरू केलं. चौहात्या दिव्यानं आंधळा झाला आन पडला. दमल्याला हुता, पंधरा दिस झोपला नव्हता, पडल्या पडल्या झोप लागली. बाईनं भाकरी करून त्येच्या उशाला ठेवली, आख्खी. म्हाताऱ्याला दया आली, त्येनं कालवण दिलं. वासानं एक डोळा उघडला, मग एक हात, मग दुसरा. चार हात हालेपत्तुर मी लय येळ लावला. गुळव्या डोळं पुसत हुता. मी पान मिटलं.

"ह्येला म्हणत्यात वाचणं," गुळव्या म्हणला. "मालक, राग धरू नगा. तुमी लय सोडता."

मी मान वळवून मागं बघितलं. मला ठावं हुतं आता काय हुणार. धाकल्या मालकानं वाकून पान बघितलं. मग म्हणला, "व्हय. लय बारीक छापलंय. माझ्या नजरंतनं सुटलं." आन पेला उचलून निघून गेला.

मी जिंकलो. कट्टा परत माझा, चा माझा, मास्तर माझं. तुमाला वाटंल आनंद झाला आसंल. मी वाचायला बसलो की आपला आवाज मलाच डबक्यातनं आल्यागत वाटायचा. बाईनं भाकरी थापली, म्हातारा कुरकुरला, लोकं हसली, आन दोघं झोपली. परत झोपायला लागली. बायकू भिंतीच्या आडोशाला यायची बंद झाली. एकदा म्हणली, "त्या बंद पडल्याल्या काट्याचं काय झालं?" मी म्हणलो, झालं की दुरुस्त. ती म्हणली, "तुमी न्हाई. खरं काय झालं?" मला काय ठावं? मी रोज त्या पुस्तकावर हात ठेवून बसायचो आन त्येच्या आत काय हाय ते मला सोडून त्या गड्याला ठावं हुतं.

त्येची सुटी सरली त्या दिशी मी मलकापूरच्या फाट्यावर गेलो. ट्रंकेवर बसून यष्टीची वाट बघत हुता. मी म्हणलो, "धाकलं मालक, त्या बाईचं म्होरं काय झालं?"

"तुमी मास्तर. वाचा की."

"मला अक्षर येत न्हाई."

"ते मला पहिल्याच दिशी कळलं. तुमच्या पुस्तकात चाळीस पानाच्या म्होरं त्रेपन्न पान हाय, मधली रद्दीतच गळल्याली. तुमी तिथनं आसं गेलासा, जसं काय पूल बांधलाय."

"मग बोलला का न्हाईसा?"

"भावाचा गुळव्या गेला आसता. काळा गूळ एकदा झाला तेवढा बास." मग त्येनं घड्याळ बघितलं. "मला बी ठावं न्हाई त्या बाईचं काय झालं. शेवटची पानं कुठं हायेत? मी दोन म्हैनं आड्यावर, कोनाड्यात, सगळीकडं शोधली."

मी पायाकडं बघितलं. म्हणलो, "तंबाखूला गेली."

"कुणाच्या?"

"माझ्या."

त्यो ट्रंकेवरनं उठला. दोन म्हैन्यांत गुळव्यानं त्येला काय काय ऐकवलं, त्यो कवा चिडला नव्हता. आता चिडला. "आवं, कुणी शेवटात तंबाखू बांधतंय का? म्होरनं तरी फाडायचं. म्होरलं अंदाजानं कळतंय." मी म्हणलो, म्होरं पुठ्ठा हुता. त्यो म्हणला, "पुठ्ठ्याचं लोणचं घालायचं हुतं काय?" आन यष्टी येईपत्तुर माझ्याशी बोलला न्हाई. चढताना म्हणला, "आमच्या छावणीत वाचनालय हाय. तिथं दुसरी प्रत गावली तर शेवट कार्डावर लिवून धाडतो. वाचायचं कसं ते तुमचं तुमी बघा."

शिमग्याच्या आधी आठ दिस पोस्टमन गुऱ्हाळावर आला. सगळी बसली हुती. "मास्तर, तुमचं कार्ड." जन्मातलं पहिलं कार्ड. बारीक अक्षर, दोन्ही अंगाला भरल्यालं. गुळव्या म्हणला, "कुणाचं?" पोस्टमन म्हणला, फौजीचं. "मग वाचा की. काय म्हणतोय?"

त्या घडीला माझ्या मनात काय आलं ते सांगतो, आन हे मी लय चांगलं केलं आसं मला वाटत हुतं. मला वाटलं, त्या गड्यानं माझी अब्रू झाकली, आन मी त्येला खोटा पाडला. आता तरी त्येच्या वाट्याचं त्येला द्यावं. त्यो खरं वाचत हुता, तर खरं म्हणावं. मी कार्ड लांब धरलं आन वाचलं. म्हणलो, "लिवतोय की सगळ्यांला नमस्कार. दुसरी प्रत बघितली. चौहात्या मेला ते खरं. मास्तरांकडनं चुकलं."

गुळव्या उठून हुभा ऱ्हायला. "म्हंजी तुमी आमाला इतकं दिस खोटं वाचलंसा?"

"नजर गेली माझी वळीवरनं."

"नजर गेली? आख्खी भाकरी, कालवण, येवढं सगळं नजर जाऊन आलं व्हय?" त्येचं फावडं थरथरत हुतं. मला बघू वाटत हुतं ते. दोन म्हैनं ज्या रागाचा मत्सर केला त्यो राग शेवटी माझ्या वाट्याला आला, आन काय सांगू, लय वंगाळ वाटतंय त्ये. हंगाम सरंपत्तुर गुळव्या माझ्याशी बोलला न्हाई. पर चौहात्याचं त्येनं मनावर घेतलं. एका आधणातला गुळाचा पहिला खडा त्येनं चुलवाणात टाकला आन म्हणला, हे त्या गड्याच्या नावानं. सगळ्यांनी हात जोडलं. मी बी.

उन्हाळ्यात गावी गेल्यावर मी ते कार्ड आमच्या शाळंच्या मास्तरांकडं नेलं. तेच खडू मारणारं. त्यांनी चष्मा लावला आन वाचलं. प्रत गावली. बाईनं इमान परत आणलं, एका काट्यावर. म्हातारा मंगळावरच ऱ्हायला. आन चार हातांचा जीव मेला नव्हता. शेवटच्या पानांत उठतोय, आन त्योच बाईला परतीची वाट दावतोय. खाली लिवल्यालं, गुळव्याला सांगा, त्योच बरोबर हुता. मी चुकलो.

मास्तरांनी मला कार्ड परत दिलं. म्हणलं, "काय रं, तोंड का उतरलं? सुखरूप हायेत की सगळी."

बायकूला सांगितलं. ती बाई परत आली म्हणून येवढी खूश झाली की त्या दिशी मला आख्खी भाकरी मिळाली. मग म्हणली, "आता जाऊन त्या म्हाताऱ्याला सांगा. आन खरं सांगा."

दिवाळीनंतर गुऱ्हाळावर गेलो आन पहिल्यांदा गुळव्याकडंच गेलो. म्हणलो, "त्या कार्डात दुसरंच लिवल्यालं हुतं. चौहात्या उठतोय. तुमचं बरोबर हुतं."

गुळव्या मळी सुटायला भेंडीचं पाणी काहिलीत सोडत हुता. वर बघितलं न्हाई. "आता उठवू नगा मास्तर. मी त्येला रडून मोकळा झालोय."

"आवं, खरंच उठतोय. मला वाचाय येत न्हाई, म्हणून मी तवा कायबी सांगितलं. मला अक्षर बी येत न्हाई. मेंढक्या हाय मी."

आता तरी त्येनं बघितलं. मग म्हणला, "दोन वर्सं तुमी आमाला पुस्तक वाचून दावलं. मी ह्या कानानं ऐकलंय. मन राखायला कायबी बोलू नगा मास्तर. जावा, चुलवाणाला बसा."

मी चुलवाणाला बसलो. वरनं सगळी हाक मारायची, मास्तर, जाळ कमी करा, मास्तर, चिपाडं आणा. धाकलं मालक परत त्या गुऱ्हाळावर आला न्हाई. बाई कशी उतरली, एका काट्यावर इमान कसं आणलं, ते सगळं त्येनं छावणीत बसून शब्द न् शब्द वाचलं. मला कार्डावर मावलं तेवढंच. त्येचा हेवा मला अजून वाटतो.